मोटार दुसऱ्यांदा जळू नये म्हणून : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या दुकानात शेतीपंपाच्या मोटारी भरून मिळतात, म्हणजे जळालेली तार काढून नवी तार गुंडाळून मिळते. विहिरीवरचे मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकत्र जोडलेले), बोअरमध्ये किंवा धरणाच्या पाण्यात सोडायच्या सबमर्सिबल मोटारी, स्टार्टरची दुरुस्ती आणि क्वचित पिठाच्या गिरणीची किंवा कडबाकुट्टीची मोटार, एवढाच आमचा व्याप आहे. भर उन्हाळ्यात दुकानापुढे मोटारींची रांग लागते आणि प्रत्येकाला तीच गोष्ट नव्याने समजावून सांगायला सवड राहत नाही, म्हणून सूनबाईंच्या आग्रहावरून हे पत्रक छापून घेतले आहे. मोटारीसोबत ते घरी न्यावे आणि स्टार्टरच्या पेटीजवळ ठेवावे, ही विनंती.

पहिल्यांदा येणारे गृहस्थ बहुधा "काकू, मिस्त्री कुठे गेलेत?" असे विचारतात. मिस्त्री मीच आहे. गल्ल्यावर बसलेले यजमान हिशेब आणि फोन पाहतात. मोटार उघडणे, भरणे आणि तपासून देणे हे काम माझे. पूर्वी उलटे होते. १९८० साली उजनी धरण पुरे झाले आणि त्याच्या पाण्यात माझे माहेर, वडिलांच्या मोटेच्या विहिरीसकट, गेले. त्यानंतर चार वर्षांनी लग्न होऊन मी करमाळ्यात आले, तेव्हा हे दुकान पत्र्याच्या एका खोलीत होते. यजमान दिवसा मोटारी उघडत आणि मी रात्री घरी लाकडी साच्यावर कॉईली गुंडाळत असे. वेढे मोजताना कोणी मध्येच बोलले की आकडा चुकतो, म्हणून मुले झोपल्यावर हे काम चाले. पुढे यजमानांची नजर अधू झाली, बारीक तारेचे टोक त्यांना दिसेना, आणि मी साचा घेऊन दुकानात येऊन बसले. त्यांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट भरण्याची नव्हती, पाहण्याची होती. जळालेली मोटार उघडल्यावर लगेच तार तोडायला बसायचे नाही. ती कशी जळाली आहे ते आधी नीट पाहून घ्यायचे. आमच्या दुकानात आजही तोच क्रम आहे, आणि म्हणूनच मोटार उघडताना मालकाने स्वतः हजर असावे, असा आमचा आग्रह असतो.

उघडलेल्या मोटारीत काय पाहायचे, ते थोडक्यात सांगते. मोटार स्टारमध्ये (तिन्ही फेजच्या कॉईलींचे एकेक टोक एकत्र बांधून) जोडलेली असेल आणि तीनपैकी दोन फेजच्या कॉईली कोळशासारख्या काळ्या पडून तिसऱ्या फेजच्या जशाच्या तशा तांबूस राहिल्या असतील, तर ती मोटार दोन फेजवर चालली, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मोटार डेल्टामध्ये (कॉईली एकमेकींना त्रिकोणासारख्या जोडून) असेल तर याच कारणाने एकाच फेजच्या कॉईली जळतात आणि बाकीच्या दोन फेजच्या वाचलेल्या दिसतात. सगळ्याच कॉईली सारख्या करपल्या असतील, तर व्होल्टेज कमी होते किंवा मोटारीवर भार जास्त पडला. पंपात गाळ बसला असेल, बुश झिजून रोटर घासत असेल किंवा मोटार घुसमटून बंद पडली असेल. एखाद्याच खाचेच्या तोंडाशी बोटभर जागा जळून बाकी सर्व ठीक असेल, तर तिथला कागद फाटला होता किंवा ओल शिरली होती; ही चूक अनेकदा आधी भरणाऱ्याची असते, आणि ती माझी असेल तर मी पैसे घेत नाही. या खुणा आपल्याला दाखवण्यामागे दोष काढण्याचा हेतू नसतो. मोटार कितीही चांगली भरली तरी शेतावरचे कारण तसेच राहिले, तर तीच मोटार पंधरा-वीस दिवसांत परत येते, आणि ऐन लागणीत किंवा केळी घडावर असताना ती परत आली की आपले नुकसान माझ्या मजुरीच्या कितीतरी पट होते.

दोन फेजवर मोटार चालण्याची कारणे साधी असतात. डीपीवरचा, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवरचा, एक फ्यूज गेलेला असतो, पोलवर तार सैल असते, किंवा स्टार्टरचा एक कॉन्टॅक्ट जळून खडबडीत झालेला असतो. अशा वेळी मोटार बंद पाडण्यासाठी स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो आणि सोबत प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटार बंद करणारे उपकरण) लावता येतो. पण "सारखा ट्रिप होतो" म्हणून रिले शेवटच्या आकड्यावर फिरवून ठेवलेला, प्रिव्हेंटरची वायर काढून टाकलेली आणि कॉन्टॅक्टर बाभळीच्या काडीने दाबून धरलेला स्टार्टर माझ्याकडे दर आठवड्याला एखादा तरी येतो. सिंगल फेजच्या वेळेत कंडेन्सर लावून तीन फेजची मोटार ओढणे हाही त्यातलाच प्रकार आहे. पाणी येते हे खरे, परंतु मोटार आतून शिजत असते. पाच एचपीची मोटार पूर्ण भारावर साधारण साडेसात ते आठ अँपिअर घेते, सबमर्सिबल असेल तर थोडे अधिक. रिलेचा काटा मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवरच असावा.

उजनीच्या काठावरील शेतकऱ्यांनी पुढचा भाग सावकाश वाचावा, कारण मार्च ते जूनमध्ये येणाऱ्या मोटारींपैकी बऱ्याच त्यांच्याच असतात. धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी असला तरी त्यातील ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा आहे, आणि धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्या पातळीखाली, गेले की पाणी काठापासून दूर सरकत जाते. एरवी पाण्याखाली असणारे पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडू लागले की आपण सर्वजण पाईप आणि केबल जोडत पाण्यामागे धावू लागतो. पाईप वाढवताना जितका विचार होतो तितका केबल वाढवताना होत नाही. अडीच स्क्वेअरच्या (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाच्या) तांब्याच्या केबलवर पाच एचपीची मोटार ५०० मीटर आत नेली, तर निव्वळ केबलमध्येच सुमारे ४० व्होल्ट खर्च होतात. स्टार्टरवरचा मीटर ३८० दाखवत असताना मोटारीला ३४० मिळतात, आणि मीटर काठावर असल्याने तो खोटे बोलत नसूनही आपली फसगत होते. मोटारीपर्यंत ३५० व्होल्ट पोचत नसतील तर ती चालवू नये. लांब अंतरासाठी चार किंवा सहा स्क्वेअरची केबल घ्यावी. खर्च अंगावर येतो, हे मला ठाऊक आहे. शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून घेतलेली केबल मी पाहिली आहे आणि ती सोय चांगली वाटली. जोडावर नुसती चिकटपट्टी गुंडाळून तो पाण्यात सोडू नये. सबमर्सिबलचा जोड कसा बांधायचा ते दुकानात दाखवून देऊ, त्याचे पैसे लागत नाहीत. पाण्यात उतरून मोटार हलवण्यापूर्वी लाईट गेली आहे यावर विसंबू नये. मेन स्विच खाली ओढून फ्यूज काढून खिशात ठेवावेत आणि मगच पाण्यात पाय घालावा.

ऑटो स्विचबद्दल (लाईट आली की मोटार आपोआप सुरू करणारा स्विच) महावितरणचे सांगणे असे आहे की तो काढून टाकावा, आणि त्यामागचे कारण योग्य आहे. लाईट आल्याबरोबर डीपीवरील सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या तर प्रत्येक मोटार सुरुवातीला नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, व्होल्टेज कोसळते, आणि मोटारीआधी डीपीच जळतो. पण रात्रीच्या पाळीला विहिरीवर कोण जाणार, हा प्रश्नही खोटा नाही. डिसेंबर २०२० मध्ये आपल्या तालुक्यात बिबट्याने माणसे मारली, तेव्हा ऑटो स्विच काढा असे मी कोणालाही सांगितले नाही. ज्यांना तो ठेवावाच लागतो त्यांनी निदान टाइमर बसवून आपली मोटार शेजाऱ्याच्या मोटारीनंतर दोन-तीन मिनिटांनी सुरू होईल असे करावे, किंवा मोबाईल स्टार्टर घ्यावा, म्हणजे घरातून व्होल्टेज पाहून मोटार सुरू करता येते. कपॅसिटर मात्र प्रत्येकाने लावावा : तीन एचपीला १, पाचला २ आणि साडेसातला ३ केव्हीएआर क्षमतेचा. त्याने लाईनवरचा करंट कमी होतो आणि डीपीवरील सर्वांनाच थोडे अधिक व्होल्टेज मिळते. एकट्याने लावून फारसा फरक दिसत नाही, ही अडचण आहे खरी.

आता तारेविषयी, कारण भाव ठरवताना सर्वाधिक घासाघीस इथेच होते. एकोणीस गेजची तार सुमारे १.०२ मिलिमीटर जाडीची आणि वीस गेजची सुमारे ०.९१ मिलिमीटरची असते. चिमटीत धरली तर नवख्याला फरक कळत नाही, पण तांबे जवळजवळ एक पंचमांश कमी होते, आणि तेवढीच तार तेवढाच करंट वाहताना अधिक तापते. दुकानात बसू लागल्यानंतर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एका ग्राहकाने फारच गळ घातली म्हणून मी एका मोटारीत एक गेज कमी भरला. मोटार छान चालली, आवाज सुंदर होता, आणि विसाव्या दिवशी उसाला पाणी चालू असताना ती जळाली. उघडली तेव्हा सगळ्या कॉईली सारख्या तपकिरी होत्या. कारण विचारायला दुसरे कोणी नव्हते. ती मोटार मी पदरचे तांबे घालून पुन्हा भरून दिली. तेव्हापासून मूळ मोटारीत जो गेज, जितके वेढे आणि जशी जोडणी असेल तशीच आम्ही भरतो, आणि ते सर्व वहीत लिहून ठेवतो. स्वस्तात भरून हवी असेल तर कृपया आग्रह करू नये. निघालेले जुने तांबे आपल्यासमोर वजन केले जाते; ते आपण घरी न्यावे किंवा त्या दिवसाच्या मोडीच्या भावाने बिलातून वजा करून घ्यावे.

जुनी तार लवकर निघावी म्हणून काही ठिकाणी मोटार आगीत टाकून जाळतात. आम्ही तसे करत नाही, कारण आगीने पत्र्यांमधला लेप जातो आणि मग मोटार कितीही नीट भरली तरी गरम होत राहते. आमच्याकडे छिन्नीने कॉईलीचे एक तोंड कापून दुसऱ्या बाजूने तार ओढून काढतात. त्यानंतर खाचा साफ करून कागद बसवणे, कॉईली घालणे, वर बांबूच्या काड्या ठोकणे, दोऱ्याने बांधणी आणि मेगरने (वीज कुठे गळत नाही ना, हे मोजणाऱ्या यंत्राने) तपासणी एवढे झाल्यावर वार्निश होते. वार्निश वाळल्याशिवाय मोटार मागू नये. पूर्वी आम्ही पत्र्याच्या पिंपात दोनशे वॅटचे चार बल्ब लावून मोटार रात्रभर आत ठेवत असू आणि लोडशेडिंगमध्ये रात्र वाया जाई; आता छोटी भट्टी आहे, तरीही वेळ लागतोच. वार्निश वाळले की नाही हे मी नखाने पाहते : नख उमटले तर मोटार आणखी एक दिवस थांबते, मग टेम्पो दारात उभा असला तरी. पाण्याने भरायच्या सबमर्सिबल मोटारीला वार्निश लागत नाही, तिची तारच प्लास्टिकच्या वेष्टणाची असते. मात्र ती सोडण्यापूर्वी आत स्वच्छ पाणी काठोकाठ भरून हवा बाहेर काढणे आपल्याकडून राहून जाऊ नये. पावसाळाभर बंद राहिलेला मोनोब्लॉक सुरू करण्यापूर्वी तपासून घ्यावा. मेगर एक मेगओहमच्या खाली दाखवत असेल तर मोटार आधी वाळवावी लागते, आणि ते काम भरण्यापेक्षा फारच स्वस्तात होते.

सौर पंपांची चौकशी अलीकडे बरीच होते. योजनेतून मिळालेल्या पंपाची पाच वर्षांची हमी पुरवठादाराकडे असते, त्यामुळे त्या मुदतीत आम्ही मोटार किंवा कंट्रोलर उघडणार नाही. उघडला तर हमी आपली जाईल. तक्रार नोंदवायला मदत मात्र करू.

दुकानात येताना स्टार्टर सोबत आणावा आणि केबल किती मीटरची व किती स्क्वेअरची आहे हे विचारून यावे. मोटारीवरची पाटी घासून पुसट झाली असली तरी काढून टाकू नये. मोटार घरी उघडून आणू नये, खुणा विस्कटतात. पाच एचपीचा मोनोब्लॉक पूर्वी मी आणि यजमान मिळून ओट्यावर चढवत असू, आता माझ्या कमरेला ते झेपत नाही आणि सूनबाईंना एकट्याने उचलू देणे मला मान्य नाही, म्हणून मोटार उतरवायला एक माणूस सोबत आणावा. श्री कमलाभवानीच्या यात्रेचे दिवस वगळता दुकान सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत उघडे असते. दुपारी एक ते दोन या वेळेत मी कॉईली गुंडाळत असते. तेव्हा यजमानांशी बोलावे, माझ्याशी बोलू नये.

भरून झालेली मोटार तीन महिन्यांत न्यावी. मागच्या भिंतीला सध्या अकरा मोटारी उभ्या आहेत. काहींची बोअर आटली, काहींनी जमीन विकली, एकाचा मुलगा "वडील गेले, नंतर नेतो" म्हणून सांगून गेला तो आला नाही. त्या आम्ही मोडीत घातलेल्या नाहीत. पावती हरवली असेल तरी यावे. प्रत्येक मोटारीच्या झाकणावर पोगराने (लोखंडी ठशाने) ठोकलेला आकडा माझ्या वहीत नावानिशी लिहिलेला आहे.