दिव्यांग अनुदान: अर्ज कुठे, कागद कोणते, आणि हप्ता थांबला तर काय करायचं

महाराष्ट्रात दिव्यांगांच्या अनुदानाची रक्कम कागदावर वाढतच गेली आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत आधी महिन्याला ६०० रुपये मिळायचे, मग १००० झाले, जुलै २०२३ पासून १५००, आणि ऑक्टोबर २०२५ पासून फक्त दिव्यांगांसाठी २५००. तरीही तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेबाहेर कधीही उभं राहा, "माझा पगार बंद झालाय" म्हणणारी चार माणसं भेटतातच. कुणी आदेश काढून कपात करत नाही. आधार जुळत नाही, दाखल्याची मुदत संपते, हयातीची नोंद राहून जाते, आणि हप्ता आपोआप थांबतो. म्हणून अर्जाची माहिती देताना कुठला कागद पुढे कुठे अडतो, तेही सांगतो.

पात्रता

वय ६५ च्या आत, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य, दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त. दिव्यांगत्वाचे प्रकार १९९५ च्या कायद्यात सातच होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते २१ केले, त्यामुळे सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती हे सगळे आता यात येतात. नंदुरबार, गडचिरोली भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत आणि 'हातपाय तर धड आहेत' म्हणून त्यांना परत पाठवलं जातं. त्यांनी कायद्याच्या परिशिष्टाची प्रत सोबत न्यावी, वाद लवकर मिटतो.

केंद्राची वेगळी योजना आहे, इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन. तिच्यासाठी ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव लागतं. तिच्यातला केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपये आहे आणि तो २०१२ पासून तेवढाच आहे. वरची रक्कम राज्य घालतं. अर्जदाराला दोन ठिकाणी अर्ज करावा लागत नाही, कुठल्या योजनेत बसवायचं ते तहसील ठरवतं.

उत्पन्नाची अट ही सगळ्यात मोठी अडचण आहे. इतर निराधारांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं, दिव्यांगांसाठी ५०,००० च्या आत. आता हिशेब करा. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये. घरातला एक माणूस वर्षात १६० दिवस कामावर गेला की ४९,९२० होतात. एकशेएकसष्टाव्या दिवशी तो पुन्हा टोपली उचलायला गेला, तर घरातली दिव्यांग व्यक्ती नियमाने अपात्र. जो घरी बसून राहील तोच खरा गरीब, असं काहीसं गृहीत धरून ही मर्यादा बेतली आहे. याचा परिणाम सगळ्यांना माहीत आहे: दाखल्यावर अठ्ठेचाळीस हजार लिहिलं जातं, लिहिणाऱ्याला आणि सही करणाऱ्याला दोघांनाही ते कळतं, आणि पडताळणीची लाट आली की नेमका तोच दाखला माणसाच्या गळ्यात येतो.

दुसऱ्या बाजूला मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना बघा. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या त्या योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. म्हणजे वर्षाला लाखभर कमावणाऱ्या घरातल्या दिव्यांग मुलीला दिव्यांग म्हणून काही नाही, बहीण म्हणून १५०० मिळू शकतात. तिच्या दिव्यांग भावाला तेवढेही नाहीत. आणि जिला संजय गांधीचं अनुदान मिळतं, तिला लाडकी बहीण मिळत नाही, कारण दुसऱ्या सरकारी योजनेतून तेवढी किंवा जास्त रक्कम घेणारी महिला तिथे अपात्र ठरते. दोन्हीकडे अर्ज भरून ठेवलेत तर नंतर वसुलीचा किंवा दोन्ही बंद होण्याचा ताप होतो. एकच निवडा. ज्यांना २५०० मिळू शकतात त्यांनी अर्थातच संजय गांधी.

आधी यूडीआयडी

सगळ्याची सुरुवात यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्रापासून होते. अर्ज आता फक्त स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. आधार, फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा लागतो. अर्जात रुग्णालय निवडताना आपल्या प्रकाराची तपासणी तिथे होते का, हे आधी विचारून घ्या. जिल्हा रुग्णालयात, म्हणजे सिव्हिलला, हाडांचे डॉक्टर असतात पण मानसोपचार किंवा श्रवण तपासणीसाठी अनेकदा शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावं लागतं. तपासणीचे वार ठरलेले असतात, फोन करूनच निघा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने नियम बदलले. प्रमाणपत्र देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिने झाली. आणि एक कलम लक्षात ठेवण्यासारखं: अर्ज दोन वर्षं निर्णयाविना पडून राहिला, तर तो निष्क्रिय होतो, पुन्हा भरावा लागतो. तेव्हा अर्ज भरून वाट बघत बसू नका. कार्डाचे रंगही तेव्हाच ठरले: ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं.

प्रमाणपत्र कायमचं आहे की तात्पुरतं, ते पहिल्याच दिवशी वाचा. लहान मुलांना, मानसिक आजारात, सुधारण्याची शक्यता असलेल्या स्थितीत तात्पुरतं देतात. त्यावर मुदतीची तारीख असते. ती उलटली की अनुदानाची कडी तुटते. मुदत संपायच्या चारपाच महिने आधी नव्या तपासणीसाठी अर्ज टाका. टक्केवारी कमी लागली आणि ती चुकीची वाटली, तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. खोटं प्रमाणपत्र वापरल्यास कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कागदपत्रं आणि अर्ज

विहित नमुन्यातला अर्ज, आधार, यूडीआयडी कार्ड किंवा प्रमाणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, १५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा (डोमिसाईल असेल तर उत्तम), वयाचा पुरावा, शिधापत्रिका, बँक पासबुकचं पहिलं पान, दोन फोटो. सर्वांवर नाव एकसारखं आहे का बघा. आधारवर 'सुमन', शिधापत्रिकेवर 'सुमनबाई' आणि पासबुकात माहेरचं आडनाव, एवढ्यावर अर्ज महिनोन् महिने अडतो. आधी आधार दुरुस्त करा, मग त्याबरहुकूम बाकीचं.

अर्ज गावच्या तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी), सेतूमध्ये किंवा थेट तहसीलमधल्या संजय गांधी शाखेत देता येतो. आपले सरकार पोर्टलवरूनही भरता येतो. कुठेही द्या, पोचपावती घेतल्याशिवाय जागचं हलू नका. पोच म्हणजे तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक.

मग तलाठी चौकशी करतो आणि प्रकरण तालुक्याच्या समितीपुढे जातं. या समितीत अशासकीय अध्यक्ष आणि सदस्य असतात, ते पालकमंत्र्यांच्या पसंतीने येतात. सरकार किंवा पालकमंत्री बदलला की समिती बदलते, नवी येईपर्यंत बैठका रखडतात. आचारसंहितेतही तेच. मंजुरीचं पत्र अध्यक्षांच्या हस्ते, फोटोसह वाटण्याची पद्धत अनेक तालुक्यांत आहे. पण ते अनुदान शासनाच्या निकषांवर मिळतं, कुणाच्या मेहेरबानीने नाही. अर्ज करून देण्याचे पैसे मागणारा भेटला तर सरळ तहसीलदारांना लेखी कळवा.

प्रौढ, बौद्धिक दिव्यांग व्यक्तीच्या बाबतीत बँक पालकत्वाचा कागद मागते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्वासाठी तो १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती देते. मूल अठरा वर्षांचं होताच त्यासाठी अर्ज करून ठेवावा.

हप्ता का थांबतो

अनुदान आता थेट हस्तांतरणाने आधारशी जोडलेल्या खात्यात येतं. घोळ असा होतो की सगळ्यात शेवटी ज्या बँकेत आधार जोडलं, पैसे तिथेच जातात. पीक विम्यासाठी, गॅससाठी कुणी नवं खातं उघडून दिलं असेल, तर हप्ता तिकडे पडत असतो आणि इकडे माणूस जुनं पासबुक भरून घेत बसतो. 'बंद झाला' म्हणण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर किंवा बँकेत सीडिंग, म्हणजे आधारची जोडणी, कुठल्या खात्याला आहे ते तपासा.

बोटांचे ठसे उमटत नाहीत, हातच नाहीत, डोळ्यांची बुबुळं टिपली जात नाहीत, अशांची आधार पडताळणी नापास होते. शरीराच्या ज्या स्थितीसाठी अनुदान, तीच अनुदान मिळवायला आड येते! आधार केंद्रावर जैविक अपवादाची, म्हणजे ठसे किंवा बुबुळं घेता येत नसल्याची, नोंद करून घेता येते, तशी सोय आहे. मोबाईल क्रमांक जोडून ठेवा म्हणजे ओटीपीने काम भागतं.

हयातीचं वेगळं. दर वर्षी १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात बँक, पोस्ट किंवा तहसीलमध्ये हजर राहून नोंद करायची असते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने हजर कसं राहावं? घरच्यांनी लेखी अर्ज देऊन घरी येऊन पाहणी करण्याची मागणी करावी, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी. खांद्यावर घालून, जीपच्या मागच्या बाकावर आडवं टाकून माणसं तालुक्याला नेली जातात. ते करू नका, आधी अर्ज द्या.

हप्ता बंद झाला की घरात काय होतं, याचा कागदावर कुठेच उल्लेख नसतो. कॅथेटर, मोठ्यांचे डायपर, श्रवणयंत्राचे सेल, डायलिसिसला जायचं रिक्षाभाडं, हे खर्च धडधाकट माणसाला नसतातच. भावाच्या घरात राहणाऱ्या पन्नाशीतल्या बाईच्या नावावर महिन्याला येणारी ती एकच रक्कम असते. ती येते तोवर तिला भाडं मागावं लागत नाही आणि वहिनीच्या हातावर किराण्याला पाचशे ठेवता येतात. पाच महिने थांबली की तिची तपासणी पुढे ढकलली जाते, गोळ्या अर्ध्या होतात. पुढे कधीतरी थकबाकी एकरकमी आली तरी त्या पाच महिन्यांची उधारी फेडण्यातच जाते.

थांबल्यावर काय करायचं

संजय गांधी शाखेत आधार क्रमांक देऊन नोंदीची स्थिती विचारा आणि कारण लेखी मागा. तोंडी 'केवायसी करा' एवढ्यावर परतू नका. कारण कळलं की त्रुटी दूर केल्याचा अर्ज द्या, त्यातच थांबलेल्या महिन्यांची थकबाकी मागा. तसं लिहिलं नाही तर बहुतेकदा हप्ता पुढून सुरू होतो आणि मागचं राहून जातं.

कारण मिळालं नाही तर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. मजकूर एवढाच: "माझ्या नावे अमुक महिन्यापासून अनुदान थांबवण्याबाबतचा आदेश, त्यावरील टिपणी आणि मला दिलेल्या नोटिशीची प्रत मिळावी." तीस दिवसांत उत्तर यावं लागतं. नोटीस दिलेलीच नसेल तर ते उत्तरातच उघड होतं, आणि तो कागद पुढे जिल्हाधिकारी कार्यालयात उपयोगी पडतो. तिथेही संजय गांधी शाखा असते.

त्यानंतर राज्याचे दिव्यांग आयुक्त, पुणे. तक्रार साध्या कागदावर, मराठीत चालते. आयुक्तांना चौकशीत दिवाणी न्यायालयासारखे समन्स काढण्याचे अधिकार आहेत आणि त्यांच्या शिफारशीवर काय केलं हे संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कळवायचं असतं.

२५०० आले कुठून

जून २०२५ मध्ये प्रहार पक्षाचे नेते बच्चू कडू अमरावती जिल्ह्यातल्या गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले. शेतकरी कर्जमाफीबरोबर दिव्यांगांना महिन्याला ६००० ही मागणी होती. आकडा हवेतला नव्हता, आंध्र प्रदेशात २०२४ पासून दिव्यांगांना ६००० मिळतात. सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने हजाराची वाढ केली. अर्थात आंध्रातही रक्कम वाढल्यावर प्रमाणपत्रांची फेरतपासणी आली, लोकांना नोटिसा गेल्या. आकडा मोठा झाला की यादी आखडण्याकडे सरकारांचा कल होतो. आपल्याकडेही २५०० नंतर पडताळणी कडक होणार हे धरूनच कागद नीट ठेवावेत.

२०१६ च्या कायद्याचं कलम २४ सांगतं की दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी. कायद्यात 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशी पळवाटही आहे. पण १५०० वर २५ टक्के म्हणजे १८७५ होतात, आणि २०२३ ते २०२५ या काळात दिव्यांग आणि बाकीचे निराधार दोघांनाही १५००च मिळत होते. आता २५०० मुळे ते अंतर पार झालं. ५०,००० ची मर्यादा मात्र तिथेच आहे. माझ्या मते पुढच्या आंदोलनाने रकमेआधी ती मर्यादा धरावी. ती लाखावर गेली तरी खोट्या दाखल्यांची निम्मी गरज संपेल.

तूर्त ज्यांना दिव्यांग असूनही १५००च पडत आहेत, त्यांनी आपली नोंद 'दिव्यांग' गटात आहे का ते तहसीलमध्ये बघावं. अनेकांची मूळ मंजुरी विधवा किंवा निराधार म्हणून झालेली असते. यूडीआयडीची प्रत जोडून गट बदलण्याचा अर्ज द्यावा. ६५ वर्षं पूर्ण झाली की नाव श्रावणबाळ योजनेकडे जातं, तिथेही दिव्यांगांना २५००च आहेत, पण नोंद हलवताना यूडीआयडी क्रमांक सोबत गेला की नाही हे विचारून घ्यावं. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला पाच टक्के दिव्यांग निधी या सगळ्यापेक्षा वेगळा आहे, त्यासाठी ग्रामसेवकाकडे निराळा अर्ज करायचा. मार्चअखेर तो खर्ची पडतो, म्हणून डिसेंबरातच द्यावा.