तळ्याकाठची फेरी

तळ्याकाठची फेरी : शहराला लागून असलेल्या तलावाच्या काठाने, जवळजवळ चढ-उतार नसलेल्या वाटेने, तास-दोन तासांत पायी मारलेली चक्कर. गड चढण्याइतकी तयारी तिला लागत नाही. लहान मुले, वयस्कर माणसे, गुडघेदुखी असलेलेही ती आरामात करतात. कोल्हापूरचा रंकाळा, पुण्याचा पाषाण तलाव, मुंबईतील पवई, ठाण्याचे उपवन आणि नागपूरचा अंबाझरी ही अशा फेऱ्यांची महाराष्ट्रातील ओळखीची ठिकाणे.

वाट सोपी असली तरी काठ मात्र ओळखावा लागतो, कारण तो वर्षभर सरकत असतो. सप्टेंबरात पाणी जिथे टेकते आणि मे महिन्यात जिथे उतरते, त्या दोन पातळ्यांमधला सगळा पट्टा हा तलावाचाच भाग. उथळ बाजूला तो शेकडो पावले रुंद भरतो. फिरायला येणाऱ्यांच्या आणि वाटा बांधणाऱ्यांच्याही बहुतेक चुका या पट्ट्याला पक्की जमीन समजल्यामुळे होतात.

तलावाची ठेवण. शहराजवळचे बरेच तलाव ओढा किंवा लहान नदी अडवून केलेले आहेत. एका टोकाला बांध आणि सांडवा (जादा पाणी बाहेर पडण्याची वाट), दुसऱ्या टोकाला ओढ्याचे मुख. बांधाशी पाणी खोल, वाट सरळ आणि कोरडी, नजर लांबवर पोचते. मुखाशी गाळ साठतो, पाणी गुडघाभर असते, पाणकणीस हे उंच गवत वाढते, आणि खाणे मिळते म्हणून पक्षीही तिथेच जमतात. पुष्कळ जण बांधावरून चालतात आणि अर्ध्यातूनच परततात; त्यांना पाणी दिसते, तलाव दिसत नाही. वेळ थोडा असेल तर बांधावर दहा मिनिटे काढून उरलेला सगळा वेळ उथळ बाजूला द्यावा.

पाषाण तलाव हे याचे चांगले उदाहरण. रामनदी अडवून तो ब्रिटिश काळात बांधला गेला. नदी बावधनच्या अंगाने तलावात येते आणि पुढे औंधजवळ मुळेला मिळते. पाणकणसाच्या कडेने जांभळी पाणकोंबडी फिरते. चालताना ती आखूड शेपटी सारखी वर झटकते आणि दर झटक्याला खालचा पांढरा भाग चमकतो. जांभळा-निळा रंग सावलीत हरवला तरी या पांढऱ्या झटक्यावरून ती सापडते. मोकळ्या पाण्यावर काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी पक्षी, बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली आणि हळदी-कुंकू बदके दिसतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात थापट्या, भुवई बदक असे उत्तरेकडून आलेले पाहुणे त्यांत मिसळतात.

रंकाळ्याची तऱ्हा वेगळी. त्याचा घेर सुमारे साडेचार किलोमीटर. पूर्वेचा काठ शहराचा, बांधीव कठड्यांचा आणि संध्याकाळच्या गर्दीचा. पश्चिमेला शालिनी पॅलेसच्या बाजूने झाडी आणि निवांतपणा. पाणी उतरले की तलावातल्या संध्यामठ या जुन्या वास्तूचे दगडी खांब वर येतात. त्या वर्षी तलाव किती खाली गेला आहे, हे त्यांच्याकडे पाहूनच कळते.

वेळ आणि दिशा. सपाट वाटेवर साधारण माणूस तासाला चार किलोमीटर चालतो. पक्षी बघत चालले तर जेमतेम दोन. म्हणजे रंकाळ्याची पूर्ण चक्कर सरळ चालून सव्वा तासाची, थांबत-थांबत दोन तासांच्या वरची. ऊन पाठीशी राहील असा काठ निवडावा : सकाळी पूर्वेचा, संध्याकाळी पश्चिमेचा. उलटे केले तर पाण्यावरची तिरीप डोळ्यांत जाते आणि सगळे पक्षी काळ्या आकृत्या होऊन बसतात. मावळता सूर्यच पाहायचा असेल तर मात्र संध्याकाळी पूर्वेचाच काठ हवा.

सोबत काय घ्यावे. माणशी एक लिटर पाणी, उन्हाळ्यात दीड. टोपी, मोज्यांचा जादा जोड, चिखलाने भरलेले बूट आणि कचरा परत आणण्यासाठी पिशवी. बूट बंद आणि पकड असलेले हवेत. चपलेचा पट्टा पहिल्याच चिखलात तुटतो. दुर्बीण ८×४२ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरते. दहापट मोठे दाखवणारीत हाताची थरथरही दहापट होते, त्यामुळे नवख्याला उलट कमी दिसते. पूर्ण बाह्या आणि पूर्ण पँट घालावी, कारण काठावर गाजरगवत माजलेले असते आणि त्याने अनेकांना त्वचेची आणि श्वासाची ॲलर्जी होते. चार फुटी काठी घ्यावीच. ती कशासाठी, ते पुढे येते.

गाळ. जानेवारीपासून पाणी मागे हटते आणि गाळाचे मैदान उघडे पडते. वरचा थर वाळतो, भेगा पडतात, तुकड्यांच्या कडा पापडासारख्या वर वळतात. जमीन टणक झाल्यासारखी दिसते, पण खालचा गाळ कित्येक आठवडे ओला राहतो. कुत्रे त्यावरून पळत जाते, माणूस मांडीपर्यंत जातो. चार पायांवर विभागलेले थोडके वजन आणि दोन पायांवरचे साठ किलो यांतला हा फरक आहे. कमळपक्षी याच हिशेबावर जगतो : त्याची बोटे इतकी लांब असतात की भार पसरतो आणि तो तरंगत्या पानांवरून चालत जातो.

पुढे पाऊल टाकण्याआधी काठी टेकून पाहावी. सहज दाबल्यावर ती चार बोटांहून खोल गेली तर तिथूनच मागे फिरावे. म्हशींच्या खुरांचे ठसे हाही चांगला पुरावा : ठसा खोल आणि तळाशी पाणी असेल तर खाली गाळ आहे. गवत जिथपर्यंत दाट आहे तिथपर्यंतच जमीन भरवशाची.

पाय रुतलाच तर सरळ वर ओढू नये. तळव्याखाली पोकळी तयार होते आणि ती पाय खाली खेचते. ओढताना दुसरा पायही खोल जातो. मागे रेलावे, गरज पडल्यास सरळ बसावे, म्हणजे भार पसरतो. मग टाच डावी-उजवीकडे हलवून बाजूने पाणी आत शिरू द्यावे आणि पावलाचे टोक खाली झुकवून हळूहळू पाय काढावा. सोबत्याने धावून जवळ जाऊ नये. पक्क्या जागेवरून काठी पुढे करावी.

जलपर्णी याहून फसवी. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या तरंगत्या वनस्पतीचे फुगीर देठ एकमेकांत गुंततात आणि वरून हिरवळ पसरल्यासारखी दिसते. खाली पुरुषभर पाणी असू शकते. चेंडूमागे धावणाऱ्या मुलांना हे आधीच दाखवून द्यावे. सांडपाण्यातले नत्र आणि फॉस्फेट खाऊन ती माजते, म्हणून जिथे ती दाट दिसते तिथल्या पाण्यात हातपाय धुऊ नयेत. पावसाळ्यात तर पायाला जखम असताना काठच्या डबक्यात उतरणे टाळावेच. लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू त्याच वाटेने शरीरात जातात.

सांडवा. वाहता सांडवा ओलांडू नये, पाणी घोट्याएवढे असले तरीही. शेवाळावर पाय सटकतो आणि वेग असलेले उथळ पाणीही उभे राहू देत नाही. आपल्या डोक्यावर पाऊस नसताना वरच्या पाणलोटात तो कोसळत असू शकतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात अचानक लोंढा आला आणि एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. स्वच्छ पाणी गढूळ होणे, काड्या-पाने वाहत येणे, आवाज वाढणे या खुणा दिसताच सामान तिथेच टाकून वर चढावे.

प्राणी. पवईत मगरी आहेत आणि थंडीत त्या काठावर ऊन खात पडतात. तिथे पाण्याच्या कडेला उकिडवे बसू नये. उंच झाडांवर आग्या मोहोळ असते : त्याखाली धूर, अत्तर आणि आरडाओरडा नको. पाण्यातून डोके काढून पोहणारा साप बहुधा बिनविषारी दिवड असतो. गवतातली घोणस मात्र विषारी, म्हणून अंधार पडण्याआधी फेरी संपवावी आणि वाट सोडून गवतात शिरू नये. बदकांना पाव-कुरमुरे टाकण्याची सवय वाईट. ते पाण्यात कुजतात आणि जलपर्णीचेच पोट भरतात.

मार्चपासून टिटवी उघड्या खडीत अंडी घालते. घरटे असे नसतेच. खड्यांमध्ये खड्यांसारखीच ठिपक्यांची तीन-चार अंडी. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली की ती जवळच आहेत असे समजावे, जागीच थांबून पायाखाली पाहावे आणि आल्या पावलांनी परतावे. उत्सुकतेने शोधत बसले तर तेवढ्या वेळात उन्हात अंडी तापतात.

वाट कशी असावी. १८९१ साली बांधलेल्या पवई तलावाकाठी महापालिकेने सायकल आणि जॉगिंगचा मार्ग करायला घेतला होता. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२२ रोजी तो बेकायदा ठरवला आणि केलेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करायला सांगितले. हा निर्णय योग्यच होता. सरकत्या पट्ट्यात भराव टाकला की उथळ पाणी नाहीसे होते आणि पाणकोंबडीचे घरटे, माशांची पिल्ले राहण्याची जागाही त्याबरोबर जाते. फेरीसाठी पूर्ण भरलेल्या पातळीच्या वर, दोन माणसे शेजारी चालतील एवढी, दीड मीटर रुंद मुरमाची वाट पुरते. मुरूम पाणी जिरवतो आणि गुडघ्यांना काँक्रीटपेक्षा मऊ लागतो. दर पावसाळ्यानंतर त्यावर नवा थर टाकून तो धुमसाने (जमीन चोपण्याच्या जड साधनाने) चोपावा लागतो, एवढीच त्याची देखभाल.