दूरस्थ काम (पुण्याचा आयटी उद्योग)

तंत्रज्ञान कंपनीच्या कार्यालयात न जाता घरातून, गावाकडून किंवा अन्य कोठूनही इंटरनेटच्या आधारे नियमितपणे काम करण्याच्या पद्धतीला दूरस्थ काम म्हणतात. पुण्यात रोजच्या बोलण्यात ‘वर्क फ्रॉम होम’ आणि ‘रिमोट’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. पण नोकरी शोधणाऱ्याने त्यांतला फरक ओळखलाच पाहिजे. वर्क फ्रॉम होम ही कार्यालय असलेल्या कंपनीने दिलेली सवलत असते आणि कंपनी ती केव्हाही मागे घेऊ शकते. रिमोट नोकरीत नेमणूकच कार्यालयाविना झालेली असते. आठवड्यातून दोन-तीन दिवस हजेरी लावण्याच्या पद्धतीला हायब्रिड म्हणतात. यांपैकी आपल्या वाट्याला काय आले आहे, हे मुलाखतीतल्या आश्वासनावरून ठरत नाही. नेमणूकपत्रात कामाचे ठिकाण म्हणून जे लिहिले असेल तेच खरे.

‘टेलिकम्युटिंग’ हा शब्द अमेरिकेत जॅक निल्स यांनी १९७३ मध्ये रूढ केला. पुण्यातील सॉफ्टवेअर उद्योग १९९० नंतर वाढला तो परदेशी ग्राहकांच्या कामावर, म्हणजे काम देणारा दूर असणे येथे नवे नव्हते; काम करणाऱ्याने मात्र हिंजवडी, मगरपट्टा किंवा खराडी येथील आयटी संकुलांत पोहोचणे अनिवार्य मानले जाई. वाकडच्या भूमकर चौकात रोज संध्याकाळी अडकून पडणाऱ्यांना या अटीची किंमत वेगळी सांगायला नको. महाराष्ट्रातील पहिले करोनाबाधित रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि ज्या कामाला कार्यालयातले टेबल लागते असे समजले जात होते ते काम घरोघर सुरू झाले. नियमही बदलावे लागले. कॉल सेंटर आणि तत्सम सेवांना घरून काम देण्यासाठी दूरसंचार विभागाची परवानगी आणि बँक हमी लागत असे, ती बंधने नोव्हेंबर २०२० मध्ये हटवण्यात आली. विशेष आर्थिक क्षेत्रातील कंपन्यांसाठी जुलै २०२२ मध्ये नियम ४३-अ आला. त्यात प्रथम निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून कामाची मुभा होती, डिसेंबर २०२२ मध्ये ती सर्वांना देता येऊ लागली. पुढे अनेक मोठ्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना परत बोलावले. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस हजेरी सांगितली.

अशी नोकरी शोधताना जाहिरातीतील ‘रिमोट’ या शब्दाखालचा मजकूर आधी वाचावा. पुष्कळ परदेशी जाहिरातींत उमेदवार ठरावीक देशांतच राहणारा असावा किंवा त्याच्या वेळा कंपनीच्या वेळांशी चार-पाच तास जुळाव्यात, अशी अट असते. नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइनवरील शोध उपयोगी पडतो, पण ओळखीच्या सहकाऱ्याने दिलेले रेफरल, म्हणजे त्याच्या कंपनीत केलेली शिफारस, बहुधा त्याहून लवकर मुलाखतीपर्यंत नेते. राजीनामा दिल्यावरही जुन्या नोकरीत काढावा लागणारा नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड ही पुण्यातल्या उमेदवाराची नेहमीची अडचण असून लहान परदेशी कंपन्या तेवढे थांबत नाहीत. म्हणून ही गोष्ट पहिल्याच संभाषणात सांगून टाकावी. उमेदवाराची पारख मुख्यतः लेखनातून होते. गिटहब या प्रोग्रामचा कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवलेला एखादा लहान पण पूर्ण प्रकल्प, त्याची नीट लिहिलेली माहिती आणि इतरांच्या मुक्तस्रोत (कोड सर्वांना खुला असलेल्या) प्रकल्पांत सुचवलेल्या दुरुस्त्या यांचे वजन प्रमाणपत्रांच्या यादीपेक्षा जास्त पडते. नुकत्याच पदवी घेतलेल्यांनी मात्र शक्य असल्यास पहिली एक-दोन वर्षे अनुभवी लोकांच्या शेजारी बसून काढावीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. शेजारच्या पडद्याकडे पाहता पाहता जे शिकता येते ते व्हिडिओ कॉलवर मागून मिळत नाही.

भारतात शाखा नसलेली कंपनी बहुतेकदा कंत्राटावर काम देते किंवा त्रयस्थ संस्थेमार्फत पगारी नेमणूक करते. कंत्राटदाराला भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि भरपगारी रजा मिळत नाही, आगाऊ प्राप्तिकर स्वतः भरावा लागतो आणि वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपुढे गेल्यास जीएसटी नोंदणी करावी लागते. डॉलरमधील आकडा पगाराशी ताडून पाहताना हे सारे वजा केले पाहिजे. नोकरीच्या नावाखाली लॅपटॉपची अनामत मागणारे किंवा टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करण्याचे ‘टास्क’ देऊन पुढे पैसे भरायला लावणारे भामटे असतात. खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

न्यूयॉर्कमध्ये सकाळचे दहा वाजतात तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात, कारण अमेरिकेतील घड्याळे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये बदलतात. गणेशोत्सवापूर्वीचे आठवडे उन्हाळी वेळेत येतात आणि नेमक्या साडेसातच्या सुमारास नदीकाठी ढोलताशा पथकांचा सराव रंगलेला असतो. म्हात्रे पुलाच्या आसपास राहणारा अभियंता त्या दिवसांत खिडक्या लावून, हेडफोन घालून बसतो, बोलायचे नसेल तेव्हा माइक बंद ठेवतो आणि बोलण्याची पाळी आली की ताशाची तर्री थोडी उतरण्याची वाट पाहतो. इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचे इंटरनेट ही येथे चैन ठरत नाही. घर दोन खोल्यांचे असेल तर खरा प्रश्न जागेचा असतो. सासूबाईंची मालिका, मुलांचा अभ्यास आणि मीटिंग एकाच हॉलमध्ये असतात. कामाची वेळ घरच्यांना आणि घरची वेळ कंपनीला आधीच सांगून ठेवणाऱ्यांची ओढाताण त्यामुळे बरीच कमी होते.

वेळा जुळत नसल्याने या पद्धतीचा कणा लेखी संवाद हाच असतो. गिटलॅबसारख्या पूर्णतः दूरस्थ सॉफ्टवेअर कंपनीने आपल्या कामकाजाची पुस्तिका सर्वांना वाचायला खुली ठेवली आहे, तिचे कारणही हेच. ‘बिल्ड (कोडपासून तयार केलेला प्रोग्राम) चालत नाही, बघ जरा’ एवढाच निरोप ठेवून कोणी झोपले, तर समोरच्याचा अख्खा दिवस प्रश्न समजून घेण्यात जातो. चांगला हँडओव्हर, म्हणजे काम पुढच्याकडे सोपवतानाची टीप, इंग्रजीत लिहिला जात असला तरी त्याचा आशय असा असतो : लॉगिनची चाचणी दुपारपासून अपयशी ठरते आहे, कालचा बदल काढला की ती चालते, सर्व्हरच्या घड्याळाची शंका वाटली होती, पण ते तपासले, बरोबर आहे, टोकनची (लॉगिननंतर मिळणाऱ्या तात्पुरत्या डिजिटल परवान्याची) मुदत कोठे ठरते ते अजून पाहिलेले नाही, तुम्ही तेथून सुरुवात करा. रात्री साडेदहाला लिहिलेल्या अशा चार ओळींमुळे, लिहिणारा झोपलेला असतानाच, न्यूयॉर्कमधल्या सहकाऱ्याला थेट टोकनच्या फाइलपासून काम हाती घेता येते.