दक्षिण इटलीतील प्राचीन ग्रीक नाणे इटलीबाहेर नेताना: परवानगीचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

इसवी सनापूर्वी आठव्या शतकापासून ग्रीकांनी दक्षिण इटलीच्या किनाऱ्यावर वसाहती उभ्या केल्या आणि इ. स. पू. 530च्या सुमारास सिबारिस, मेटापाँटियन, क्रोटोन यांसारख्या नगरांनी स्वतःची चांदीची नाणी पाडण्यास सुरुवात केली. या नाण्यांचा संग्रह करणारे मराठी वाचक संख्येने थोडे असले, तरी युरोपात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्यांपैकी काहींना हा छंद लागतो आणि रोम, मिलान किंवा नेपल्स येथील एखाद्या नाणेविक्रेत्याकडे एखादे नाणे पसंत पडते. नाण्याची किंमत चुकती केली की ते खिशात घालून विमानतळाकडे निघता येते, असा समज अनेकांचा असतो. हा समज चुकीचा आहे आणि महागात पडणारा आहे. 2022च्या मार्चमध्ये इटलीने सांस्कृतिक वस्तूंविषयीचे गुन्हे दंडसंहितेत समाविष्ट केले. तेव्हापासून अशी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेणाऱ्यास दोन ते आठ वर्षांचा कारावास आणि 80,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून परवानगीची पद्धत नाणे घेण्याच्या आधी समजून घेणे आवश्यक आहे.

या विषयाचा मूळ कायदा म्हणजे 2004चा अध्यादेश क्रमांक 42, अर्थात इटलीची सांस्कृतिक वारसा आणि निसर्गदृश्य संहिता. संहितेच्या कलम 91नुसार इटलीच्या भूगर्भात किंवा समुद्रतळावर सापडलेली पुरातत्त्वीय वस्तू राज्याच्या मालकीची असते. हे तत्त्व 2004मध्ये नव्याने आलेले नाही. त्याची मुळे 20 जून 1909च्या कायद्यात आहेत. त्यामुळे इटलीच्या मातीतून निघालेले नाणे खाजगी माणसाकडे कायदेशीरपणे असण्याच्या वाटा मोजक्याच उरतात. ते 1909च्या कायद्यापूर्वीपासून खाजगी हातात असेल, शोध लागल्याबद्दल राज्याने बक्षिसादाखल दिलेले असेल, किंवा ते बाहेरच्या देशातून रीतसर इटलीत आलेले असेल. प्रश्न उपस्थित झाला, तर यांपैकी कोणती वाट आपल्या नाण्याची आहे हे कागदोपत्री दाखवण्याची वेळ नाणे बाळगणाऱ्यावर येते. हौशी संग्राहकाच्या दृष्टीने माझे स्पष्ट मत असे आहे, की ज्या नाण्याबरोबर कागद येत नाही, ते नाणे कितीही देखणे आणि कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

शेतात किंवा समुद्रकिनारी नाणे स्वतःला सापडले, तर ते आपले होत नाही. कलम 90नुसार त्याची खबर 24 तासांच्या आत पुरातत्त्व अधीक्षक कार्यालयाला, महापौरांना किंवा पोलिसांना द्यावी लागते आणि नाणे आहे तेथे, आहे त्या स्थितीत राखावे लागते. त्याबद्दल मिळणारे बक्षीस वस्तूच्या मूल्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक नसते. उत्खनन आणि शोध हे काम मंत्रालयाच्या अखत्यारीत असल्याने धातूशोधक यंत्र घेऊन पुरातन स्थळी फिरणे सरळ गुन्ह्याकडे नेते.

अर्ज कोण करू शकतो

नाणे इटलीबाहेर नेऊ इच्छिणारी कोणतीही व्यक्ती अर्ज करू शकते. नागरिकत्वाची अट नाही. मालकाला स्वतः उपस्थित राहणे शक्य नसेल, तर अधिकारपत्र देऊन विक्रेत्यामार्फत किंवा कलावस्तूंच्या वाहतुकीचा व्यवसाय करणाऱ्यामार्फत अर्ज करता येतो. परदेशी ग्राहकाच्या बाबतीत हाच मार्ग सोयीचा असतो, कारण अर्जाची नोंद सांस्कृतिक मंत्रालयाच्या निर्यात कार्यालयांसाठी असलेल्या एस.यू.ई. या संगणकीय प्रणालीवर इटालियन भाषेत करावी लागते आणि नंतर नाणे प्रत्यक्ष कार्यालयात दाखवावे लागते. इटालियन भाषेत या कार्यालयाला ‘उफ्फीचो एस्पोर्तात्सिओने’ म्हणतात आणि रोम, मिलान, नेपल्स अशा प्रमुख शहरांत ते आहे.

नाण्याच्या पात्रतेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. 2017च्या कायदा क्रमांक 124ने नियम काहीसे सैल केले: सत्तर वर्षांपेक्षा जुन्या आणि हयात नसलेल्या कर्त्याच्या वस्तूचे मूल्य 13,500 युरोंपेक्षा अधिक नसेल, तर परवानगीऐवजी मूल्य आणि वय यांविषयीचे स्वयंघोषणापत्र पुरते. तथापि पुरातत्त्वीय वस्तूंना ही सवलत लागू नाही. त्यांच्यासाठी मूल्य कितीही असो, परवानगी लागतेच. ज्या नाण्याचा संबंध उत्खननाशी किंवा पुरातत्त्वीय स्थळाशी जोडला जातो, ते या दुसऱ्या गटात मोडते. याशिवाय कलम 10मध्ये नाण्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे: काळ, घडणीचे तंत्र, धातू आणि संदर्भ यांचा विचार करता जे नाणे दुर्मीळ किंवा विशेष मोलाचे ठरते, ते सांस्कृतिक वस्तू मानले जाऊ शकते. आपले नाणे कोणत्या गटात बसते याचा निर्णय कार्यालयातील अधिकारी घेतात, विक्रेता नव्हे. ‘दोनशे युरोंचे नाणे आहे, काही लागत नाही’ असे विक्रेता तोंडी सांगत असेल, तर ते त्याच्याकडून लेखी मागावे.

कागदपत्रे

सर्वात महत्त्वाचा कागद नाण्याच्या पूर्वेतिहासाचा. कलम 64नुसार व्यावसायिक विक्रेत्याने ग्राहकाला वस्तूच्या अस्सलपणाविषयी, अथवा निदान तिच्या संभाव्य ओळखीविषयी, तसेच ती कोठून आली याविषयी लेखी दाखला देणे बंधनकारक आहे. हा दाखला उपकार म्हणून मिळत नाही. तो ग्राहकाचा हक्क आहे. त्यासोबत विक्रीची पावती, आधीच्या मालकांच्या पावत्या, जुन्या लिलावाच्या सूचीतील संबंधित पान, आणि जुन्या संग्राहकांनी नाण्याच्या पाकिटात ठेवलेल्या हस्तलिखित चिठ्ठ्या असतील, तर त्याही जपून ठेवाव्यात. ही चिठ्ठी पिवळी पडलेली, टोकदार निबाच्या शाईने लिहिलेली आणि दोन बोटांत मावेल एवढीच असते. तिच्यावर नगराचे नाव, वजन आणि कधी कधी खरेदीचे वर्ष असते. नवे पाकीट आणताना अनेक जण ती फेकून देतात आणि नाण्याचा निम्मा इतिहास तेथेच संपतो.

लिलावाच्या जुन्या सूचीचा उपयोग कसा होतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मेटापाँटियनचे इ. स. पू. सहाव्या शतकातील नाणे पाहिले, तर दर्शनी बाजूस जवाची ओंबी उठावात असते आणि मागच्या बाजूस तीच ओंबी खोलगट उमटलेली असते. पातळ, पसरट चकती, आठ ग्रॅमच्या आसपास वजन, आणि कडेला दोरीसारखी वेणी. नाणी हाताने ठोकली जात असल्यामुळे प्रत्येक चकतीची कड वेगळी असते: कुठे बारीक चीर गेलेली, कुठे चांदी कमी पडून कड चपटी झालेली, तर कुठे ओंबीच्या टोकाकडील एखादा दाणा चकतीबाहेर गेलेला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील सूचींमध्ये प्लास्टरच्या ठशांवरून घेतलेली छायाचित्रे असत आणि त्यांत या कडा स्पष्ट दिसतात. आपल्या नाण्याची चीर आणि सूचीतील नाण्याची चीर एकाच जागी, त्याच वळणाची असेल, तर ते नाणे त्या वर्षी त्या लिलावात होते हे निःसंशय दाखवता येते. ही जुळणी करायला संध्याकाळच्या संध्याकाळ खर्ची पडतात, पण सापडलेले एक पान इतर दहा कागदांना भारी ठरते.

उरलेले कागद तुलनेने सोपे आहेत. अर्जदाराचा ओळखपुरावा, प्रतिनिधी असल्यास अधिकारपत्र, विहित मुद्रांक, आणि नाण्याचे वर्णन. वर्णनात नगर, धातू, वजन ग्रॅममध्ये, व्यास मिलिमीटरमध्ये, दोन्ही बाजूंवरील चित्रे व अक्षरे, अंदाजे काळ आणि दोन्ही बाजूंची स्वच्छ छायाचित्रे असावीत. ‘प्राचीन ग्रीक चांदीचे नाणे’ एवढेच लिहिणे म्हणजे शंकेला आमंत्रण देणे होय. ‘तारास, चांदी, डॉल्फिनवर बसलेला तरुण, शेजारी नगराचे नाव, दुसऱ्या बाजूस घोडेस्वार’ असे लिहावे आणि वजन दशांशासह द्यावे. तारास, म्हणजे दक्षिण इटलीतील आजचे तारांतो, या ग्रीक नगराचे हे नाणे आधी साधारण 7.9 ग्रॅमचे होते आणि एपिरसचा ग्रीक राजा पिऱ्हस इटलीत उतरला त्या सुमारास, म्हणजे इ. स. पू. 280च्या आसपास, ते सुमारे 6.5 ग्रॅमवर आले. त्यामुळे वजनाचा आकडा नाण्याचा काळही सांगतो आणि चुकीचा आकडा पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या लगेच लक्षात येतो.

अर्जाचा प्रवास

देशाबाहेर कायमचे नेण्यासाठी कलम 68नुसार जे प्रमाणपत्र मिळते, त्याला ‘अत्तेस्तातो दी लिबेरा चिर्कोलात्सिओने’, म्हणजे मुक्त संचाराचे प्रमाणपत्र, म्हणतात. अर्जात नाण्याचे बाजारमूल्य नमूद करून नाणे कार्यालयासमोर सादर करावे लागते. कार्यालय तीन दिवसांत मंत्रालयाच्या संबंधित विभागांना कळवते, त्यांना माहिती देण्यासाठी दहा दिवस असतात, आणि नाणे सादर झाल्यापासून चाळीस दिवसांत सकारण निर्णय द्यावा लागतो. प्रमाणपत्र पाच वर्षे ग्राह्य असते. परतीचे तिकीट पंधरा दिवसांनंतरचे असेल, तर नाणे सोबत नेण्याचा आग्रह सोडावा आणि ते विक्रेत्याकडेच ठेवून नंतर पाठवण्याची लेखी व्यवस्था करावी.

युरोपीय संघाबाहेर, म्हणजे भारतात किंवा अमेरिकेत, नाणे न्यायचे असेल, तर या प्रमाणपत्राबरोबर युरोपीय संघाच्या 2009च्या विनियम क्रमांक 116खालील निर्यात परवाना लागतो. तो हेच कार्यालय देते. शंभर वर्षांहून जुनी, उत्खननातून आलेली पुरातत्त्वीय वस्तू या विनियमाच्या पहिल्याच गटात आहे आणि तेथेही मूल्याची किमान मर्यादा नाही. परवाना वर्षभरच चालतो, म्हणून प्रवासाची तारीख ठरल्यावर तो मागणे शहाणपणाचे.

नमूद केलेल्या मूल्याबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कलम 70नुसार निर्यात कार्यालय मंत्रालयाला नाणे सक्तीने विकत घेण्याचा प्रस्ताव देऊ शकते, आणि तसे झाल्यास किंमत मिळते ती अर्जदाराने स्वतः लिहिलेली. कमी मूल्य लिहिणारा माणूस आपले नाणे त्याच कमी भावात राज्याला देऊन बसण्याचा धोका पत्करतो. खरेदीचा आदेश हाती येण्यापूर्वी अर्ज मागे घेऊन नाणे परत नेण्याची मुभा असते, पण मग ते इटलीतच राहते.

परवानगी नाकारली गेली, तर नाण्याला सांस्कृतिक महत्त्वाची वस्तू घोषित करण्याची प्रक्रिया आपोआप सुरू होते. नकाराविरुद्ध तीस दिवसांत मंत्रालयाकडे अपील करता येते आणि मंत्रालयाने नव्वद दिवसांत निर्णय द्यायचा असतो. नाणे मालकाचेच राहते. फक्त ते देशाबाहेर जात नाही.

लंडन किंवा म्युनिकच्या लिलावात घेतलेले नाणे घेऊन कोणी इटलीत राहायला येत असेल, तर त्याने इटलीत आल्या आल्याच निर्यात कार्यालयाकडून कलम 72खालील आगमनाचा दाखला घ्यावा. तो पाच वर्षे ग्राह्य असतो, त्याला मुदतवाढ मिळते, आणि त्याच्या आधारे नाणे पुन्हा बाहेर नेता येते. हा दाखला न घेतल्यामुळे परदेशातून आणलेले नाणे पुढे इटलीतलेच मानले जाण्याची वेळ येऊ शकते.

भारतात आणि अमेरिकेत पोहोचल्यावर

भारतात उतरल्यावर नाणे सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढे जाहीर करावे आणि इटलीचे प्रमाणपत्र, परवाना व पावती दाखवावी. सीमाशुल्काचा कागद कायमचा जपावा, कारण 1972च्या पुरावशेष व बहुमोल कलाकृती कायद्यात शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेषात मोडते आणि त्या व्याख्येत नाणे कोणत्या देशाचे असावे याची अट नाही. खाजगी व्यक्तीला पुरावशेष निर्यात करण्यास हा कायदा मनाई करतो. म्हणजे पुण्यात आणलेले तारासचे नाणे पुढे झुरिकच्या लिलावाला पाठवू, हा हिशेब धरून खरेदी करू नये.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी संग्राहकांसाठी वेगळा नियम आहे. इटलीच्या पुरातत्त्वीय वस्तू अमेरिकेत आणण्यावर निर्बंध घालणारा 19 जानेवारी 2001चा करार या दोन देशांत आहे आणि 2011च्या नूतनीकरणात दक्षिण इटलीतील ग्रीक नगरांच्या नाण्यांसह इटलीच्या अनेक नाण्यांचा त्यात समावेश झाला. अशा नाण्यासोबत इटलीचा निर्यात परवाना नसेल, तर ते निर्बंध लागू होण्यापूर्वीच इटलीबाहेर होते हे दाखवावे लागते. येथे पुन्हा ती जुनी सूची आणि ती पिवळी चिठ्ठी उपयोगी पडते. टपालाने मागवताना या कागदांच्या प्रती पाकिटाच्या बाहेरच्या बाजूस, सीमाशुल्काच्या घोषणापत्राबरोबर लावाव्यात आणि मूळ कागद वेगळ्या टपालाने मागवावेत.