अपघाताच्या जागी शब्द कोणाचा चालतो? थोडी पार्श्वभूमी

हायवेवर अपघात झाला की पोलीस येतात, 108 येते, फायर ब्रिगेडची गाडी येते, टोलवाल्यांची क्रेन येते, आणि या सगळ्यांच्या आधी शेजारच्या गावातली पोरं येऊन पोचलेली असतात. मग पत्रा कापायचा की आधी फोटो काढायचे, रस्ता मोकळा करायचा की पंचनाम्यासाठी गाडी आहे तशी ठेवायची, हे ठरवायचं कोणी? मी बरेच दिवस याच्या मागे लागून वाचतोय आणि माझं मत असं झालंय की आपल्या कायद्याने ती जागा आधी पुराव्याची जागा मानली, ती जीव वाचवायची पण जागा आहे हे फार सावकाश मान्य केलं.

गंमत नाही पण आश्चर्य वाटतं, 1860 च्या भारतीय दंड विधानात कलम 92 होतं, की समोरच्याची परवानगी घेणं शक्य नसताना त्याच्या भल्यासाठी प्रामाणिकपणे काही केलं तर तो गुन्हा नाही, आणि त्याला दिलेलं उदाहरण चक्क अपघाताचं आहे. एक माणूस घोड्यावरून फेकला जातो, बेशुद्ध पडतो, सर्जनला दिसतं की याची कवटी उघडावी लागणार, तो शुद्धीवर यायची वाट न बघता सर्जन ते करतो. सर्जन दोषी नाही. हेच कलम आता, दंड विधानाच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत, 30 नंबरला आहे. म्हणजे मदत करणाऱ्याला माफी पहिल्यापासून होती, पण भीती गेली नाही, कारण भीती शिक्षेची नव्हतीच, पोलीस ठाण्याच्या चकरांची होती.

निष्काळजीपणाने मृत्यूचं 304अ कलम 1870 ला आलं आणि तेव्हापासून जीवघेणा अपघात म्हणजे तपासाचा विषय. स्पॉट पंचनामा, ब्रेकच्या खुणांची मोजमापं, माणूस गेला असेल तर मरणोत्तर पंचनामा, हे सगळं पोलिसांकडे आणि ते बरोबरच आहे, कारण नुकसानभरपाईचा क्लेम शेवटी त्याच कागदावर उभा राहतो. पण त्यामुळे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं की पोलीस येईपर्यंत कशालाच हात लावायचा नाही. असा नियम नव्हता. पुरावा नष्ट करण्याचा गुन्हा व्हायला गुन्हेगाराला वाचवायचा हेतू लागतो, अडकलेल्याला बाहेर काढायला दरवाजा कापणं त्यात बसत नाही.

माझे मामा ट्रकवर होते. नव्वदच्या दशकात एका घाटात जीप उलटलेली बघून थांबले, तर दोन ठाण्यांची माणसं किलोमीटरच्या दगडापाशी उभी, जीप दगडाच्या अलीकडे की पलीकडे, हद्द कोणाची. आत बाई विव्हळत होती. शेवटी एक म्हातारे हवालदार पुढे झाले, चारही चाकांशी एकेक दगड मांडला, मडगार्डाखालच्या मातीवर काठीने रेघ ओढली आणि म्हणाले, जागा मी धरून ठेवली, आता उचला. मग सगळ्यांनी मिळून जीप सरळ केली.

1939 च्या मोटार वाहन कायद्यात जखमीला दवाखान्यात पोचवायची जबाबदारी ड्रायव्हरवर होती, 1988 च्या कायद्यात कलम 134 मध्ये तीच आली, फक्त जमाव भडकला असेल तर सूट आहे असं त्यात स्पष्ट लिहिलं, आणि ट्रकवाल्यांच्या घरात वाढलेल्याला ती सूट का लागते ते सांगावं लागत नाही.

मोठं वळण 1989 चं. एका स्कूटरवाल्याला गाडीने उडवलं, एकाने उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे सांगितलं की मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांत जाणारी, केस आम्ही घेत नाही, 20 किलोमीटरवरच्या दुसऱ्या हॉस्पिटलात न्या, आणि माणूस वाटेतच गेला. ही बातमी वाचून पंडित परमानंद कटारा सुप्रीम कोर्टात गेले. कोर्टाने सांगितलं की आधी उपचार, पोलिसांचे सोपस्कार नंतर, सरकारी असो की खाजगी, प्रत्येक डॉक्टरवर हे बंधन आहे. 1994 च्या दुरुस्तीत तेच 134 मध्ये घातलं गेलं. पण हे दवाखान्याच्या दारातलं झालं, रस्त्यावर काय?

रस्त्यावरच्या माणसासाठी अजून वीसेक वर्षं गेली. घरातला शाळकरी मुलगा अपघातात गेल्यावर पीयूष तिवारींनी 2008 मध्ये सेव्हलाइफ फाउंडेशन काढलं, 2012 ला याचिका केली, आणि 30 मार्च 2016 ला सुप्रीम कोर्टाने केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं: मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, दवाखान्यात थांबवून ठेवायचं नाही. 2019 मध्ये हे कलम 134अ म्हणून मोटार वाहन कायद्यातच आलं, सप्टेंबर 2020 ला नियम निघाले. आता बक्षीसाची योजना पण आहे, पण मला विचाराल तर थांबणाऱ्या माणसाला पैशापेक्षा उद्या फोन येणार नाही याची खात्री जास्त हवी असते.

बघा, यात ड्रायव्हर आला, डॉक्टर आला, वाटसरू आला. ॲम्ब्युलन्सवाला कुठेय? महाराष्ट्रात 108 जानेवारी 2014 ला सुरू झाली, 937 गाड्या, आत डॉक्टर पण असतो, तरी जागेवर त्याने सांगितलं की माणूस आत्ता हलवायचा नाही, आधी मान धरा, तर ते बाकीच्यांनी ऐकायलाच हवं असं त्याला अधिकार देणारं कलम मोटार वाहन कायद्यात नाही. फायर ब्रिगेडला रस्ता बंद करायचे, भिंत फोडायचे, आडव्या येणाऱ्याला बाजूला काढायचे अधिकार पालिकांच्या जुन्या कायद्यांपासून आहेत पण ते आगीच्या प्रसंगाला बांधलेले, आणि हायवेवरच्या बहुतेक अपघातात आग नसतेच, कटर घेऊन आलेले जवान तेव्हा आपसातल्या समजुतीवर काम करतात.

टँकर असला की चित्र बदलतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे धोकादायक मालाच्या गाडीवर आत काय आहे आणि काय करायचं याची पाटी लागते, आणि खरं तर सगळ्यात पहिला शब्द त्या पाटीचाच असायला हवा. जून 2023 मध्ये एक्सप्रेसवेवर लोणावळ्याजवळ केमिकलचा टँकर उलटून पेटला, जळतं रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर पडलं, चौघं गेली, त्यातली काही तर खालून जाणारी. अशा वेळी 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम 34 आहे, जिल्हा प्राधिकरण, म्हणजे कलेक्टर, वाहतूक थांबवू शकतो, सगळ्या खात्यांना आदेश देऊ शकतो. 2010 मध्ये एनडीएमएने, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने, घटनास्थळी एकच कमांडर असावा अशी पद्धत आखून दिली. पण ती आपत्तीसाठी. कार आणि ट्रकच्या रोजच्या धडकेला कोणी कमांडर नेमत नाही.

हद्दीचं म्हणाल तर 1 जुलै 2024 पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवून घ्यावी लागते. मामा आता गाडी चालवत नाहीत. त्यांना हे वाचून दाखवलं तर त्यांनी एवढंच विचारलं, की मग चाकाशी दगड मांडायचं कुठल्या कलमात आहे.