चिंता आणि समोरचे चेहरे : समुपदेशनासाठी येणाऱ्यांकरिता माहिती

बैठकीत दहा जण शांतपणे ऐकत असतात, एकाच्याच कपाळावर आठी दिसते आणि त्यानंतर आपले लक्ष त्या आठीवरून हलत नाही. चिंतेचा त्रास असलेल्यांना हा अनुभव वारंवार येतो आणि त्याला स्वभावदोष मानण्याचे कारण नाही.

रागावलेला किंवा घाबरलेला चेहरा धोक्याची सूचना देत असल्याने तो कोणाचेही लक्ष वेधून घेतो. चिंता वाढली की नजर अशा चेहऱ्याकडे अधिक सहजपणे वळते आणि, त्याहून त्रासदायक म्हणजे, तिथून लवकर सुटत नाही. लोकांसमोर वावरण्याचीच धास्ती असलेल्या काही व्यक्ती मात्र समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहणेच टाळतात. परिणामी आठीनंतर उमटलेले स्मित त्यांच्या नजरेतून निसटते आणि भीती खोटी ठरण्याची संधीही हुकते. निर्विकार चेहऱ्यातही त्यांना नापसंती दिसू शकते.

आमच्याकडील ठिपक्याच्या चाचणीत पडद्यावर एक रागीट आणि एक निर्विकार असे दोन चेहरे सुमारे अर्धा सेकंद दिसतात. ते नाहीसे होताच त्यांपैकी एकाच्या जागी ठिपका उमटतो आणि तो दिसताक्षणी आपण बटण दाबायचे असते. रागीट चेहऱ्याच्या जागचा ठिपका अधिक लवकर टिपला गेला, तर लक्ष आधीपासून तिथेच होते असे मानले जाते. मॅक्लिऑड, मॅथ्यूज आणि टाटा या संशोधकांनी 1986 मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा चेहरे नव्हते, शब्द होते. पुढे 2007 मध्ये 172 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा चिंताग्रस्त गटांमध्ये धोक्याकडे असा कल आढळला. इतरांमध्ये तो आढळला नाही.

तथापि ठिपका टिपण्याच्या वेळेतील हा फरक काही मिलिसेकंदांचा असतो आणि एकाच व्यक्तीचे निकाल दोन वेळा जुळतीलच असे नाही. म्हणून या चाचणीवरून आम्ही निदान करत नाही; संभाषणाला सुरुवात करून देण्यापुरताच तिचा उपयोग करतो. संगणकावरील सरावाने हा कल बदलण्याच्या प्रयोगांचे निष्कर्षही संमिश्र असल्याने तसा सराव आम्ही स्वतंत्र उपचार म्हणून देत नाही. त्याऐवजी, प्रत्यक्ष काय दिसले आणि त्यावरून आपण काय गृहीत धरले, हे वेगळे लिहून काढण्याचा सराव सत्रांत केला जातो.

झोप किंवा कामकाज बिघडत असल्यास मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा. चाचणीच्या दिवशी चष्मा सोबत आणावा.