झुकझुक आवाज नेमका येतो कुठून?

भाचीला वाढदिवसाला कुणीतरी जुन्या वाफेच्या इंजिनांचं एक मोठं चित्रांचं पुस्तक दिलंय, इंग्रजी आहे पण मजकूर थोडाच, पानभर चित्रं, आणि रोज रात्री झोपायच्या आधी ते घेऊन ती माझ्याकडे येते. परवा तिनं रॉकेट नावाच्या जुन्या इंजिनाच्या चित्रावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मामा, इंजिन एवढंसं आणि धुराडं एवढं उंच का?" मी म्हणालो, धूर वर जायला. ती गप्प बसली पण माझंच मला पटेना, कारण त्या धुराड्याच्या बुडाशी चित्रकारानं दोन बारीक पाइप काढलेत, त्यांना ना नाव ना बाण, आणि माझ्या मते अख्ख्या पुस्तकातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. आपण लहानपणी तोंडानं जो झुकझुक आवाज काढत गाडी-गाडी खेळायचो तो आवाज त्या पाइपांतून येतो, आणि तो नुसता आवाज नाहीये, त्याच्यावरच इंजिनातला विस्तव पेटता राहतो. तेच जरा नीट सांगायचंय.

सुरुवात इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या रिचर्ड ट्रेव्हिथिक या इंजिनिअरपासून करायला हवी. त्याच्या आधी जेम्स वॉटची इंजिनं होती, पण ती खाणीवर नाहीतर गिरणीत एका जागी उभी, कारण वॉट वाफेचा जोर असा फारसा वापरतच नव्हता. तो वाफ वेगळ्या भांड्यात नेऊन थंड करायचा, ती आक्रसली की पोकळी तयार व्हायची आणि दुसऱ्या बाजूच्या, जेमतेम हवेच्या दाबाइतक्या वाफेनं दट्ट्या (पिस्टन) सरकायचा. एवढ्याशा दाबावर काम करायचं म्हणजे सिलिंडर अवाढव्य हवा, शिवाय गार करायला भरपूर पाणी, हे सगळं चाकांवर चढवणार कसं? ट्रेव्हिथिक म्हणाला की वाफ गार करायचीच नाही, बॉयलर मजबूत करायचा, वाफ जोरात कोंडायची, दट्ट्या ढकलून झाला की ती सरळ बाहेर सोडून द्यायची. वॉटला हे अतिशय धोक्याचं वाटायचं, आणि ती भीती काही खोटी नव्हती, बॉयलर फुटून माणसं मेलीच. पण दाब म्हणजे किती, तर आपल्या घरच्या कुकरमध्ये शिट्टी व्हायच्या वेळी बाहेरच्या हवेपेक्षा जेवढा जास्तीचा दाब असतो ना, त्याच्या साधारण तिप्पट. रॉकेटसुद्धा तेवढ्यावरच पळालं.

आता बघा, वॉटच्या इंजिनात झुकझुक नाही, कारण वाफ बाहेर पडतच नाही. ट्रेव्हिथिकच्या इंजिनात दट्ट्याच्या प्रत्येक फेरीला वापरलेली वाफ फस्सकन बाहेर. ती सोडायची कुठं म्हणून त्यानं पाइप धुराड्यात नेऊन सोडला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की वाफ धुराड्यातून जात असते तेव्हा विस्तव जास्त चांगला पेटतो, तसं त्यानं १८०४ च्या एका पत्रात लिहूनही ठेवलंय.

त्याच वर्षी २१ फेब्रुवारीला वेल्समधल्या पेनिडॅरनच्या लोखंडाच्या कारखान्यापासून त्याचं इंजिन १० टन लोखंड, ५ वाघिणी आणि सुमारे ७० माणसं ओढत ९ मैल गेलं, चार तास पाच मिनिटं लागली. यामागे कारखान्याच्या मालकानं लावलेली ५०० गिनींची पैज होती. त्या चित्रात इंजिनाच्या बाजूला एक भलंमोठं चाक आहे, भाचीनं बरोबर पकडलं, "हे जमिनीला टेकतच नाहीये." ते फ्लायव्हील. एकच सिलिंडर असल्यामुळे दट्ट्या अगदी टोकाला गेला की चाक तिथंच अडकू शकतं, सायकलचं पेडल बरोबर वर असताना त्याच्यावर उभं राहिलं तर सायकल हलत नाही तसं, म्हणून ते जड चाक आपल्या वेगानं ती अडलेली जागा पार करून द्यायचं. इंजिन चाललं, पण बिडाचे रूळ त्याच्या वजनानं तडातडा मोडले, मग काही फेऱ्यांतच काम थांबलं. १८०८ मध्ये त्यानं लंडनमध्ये गोल रूळ टाकून एक शिलिंग तिकीट लावून लोकांना गाडीत फिरवलं, तिथंही शेवटी रूळच मोडला. या माणसाबद्दल मला फार वाटतं. मूळ गोष्ट त्याच्या हाताला लागली होती, जमीन तयार नव्हती.

मधली काही वर्षं लोक वेगळ्याच काळजीत होते, गुळगुळीत चाक गुळगुळीत रुळावर घसरेल ना! म्हणून लीड्सजवळ १८१२ मध्ये दातेरी रुळावर चालणारं इंजिन आलं, एकानं तर मागून पायांनी जमीन रेटणारं इंजिन बनवलं (हे पान भाचीचं सगळ्यात आवडतं), आणि मग विल्यम हेडलीनं एका गाड्यावर माणसं उभी करून त्यांच्याकडून हातानं दांडे फिरवून घेतले आणि दाखवून दिलं की वजन पुरेसं असेल तर चाक घसरत नाही. त्याचं पफिंग बिली लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये अजून आहे, शिल्लक राहिलेल्यांत सगळ्यात जुनं वाफेचं रेल्वे इंजिन.

पण ही सगळी इंजिनं हळू चालायची, आणि का, ते सांगायला मला आमच्या गावच्या घरातला तांब्याचा बंब उपयोगी पडला. ज्यांनी बंबाचं पाणी अंगावर घेतलंय त्यांना आठवत असेल, मधोमध एक उभी नळी, खाली जाळी, वरून ढलप्या नि कोळसे टाकायचे आणि नळीच्या भोवती पाणी. सुरुवातीच्या इंजिनांचे बॉयलर म्हणजे आडवे झोपवलेले बंबच, पाण्यातून एक जाड नळकांडं गेलेलं आणि त्याच्यातून विस्तवाची धग धुराड्याकडे निघालेली. अडचण अशी की नळकांड्याच्या मधल्या भागातून जाणारी धग पाण्याला टेकतच नाही, तशीच बाहेर निघून जाते. थोडा वेळ जोरात पळालं की वाफ संपली, मग थांबा आणि पुन्हा दाब चढायची वाट बघा.

१८२९ च्या ऑक्टोबरमध्ये रेनहिलला, लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेनं ५०० पौंडांचं बक्षीस लावून इंजिनांची परीक्षा घेतली तिथं रॉबर्ट स्टीफन्सनच्या रॉकेटमध्ये या एका नळकांड्याच्या जागी ३ इंची तांब्याच्या २५ नळ्या होत्या. ही कल्पना रेल्वे कंपनीचा सेक्रेटरी हेन्री बूथ यानं सुचवली होती, फ्रान्समध्ये मार्क सेग्वॅंही स्वतंत्रपणे त्याच वाटेवर होता. गणित कागदावर करून बघा, खूप सोपं आहे आणि मला स्वतःला ते केल्यावर फार आनंद झाला. ३ इंची २५ नळ्यांमधून धूर जायला जेवढी मोकळी जागा मिळते तेवढीच १५ इंची एका नळकांड्यातून मिळते, पण त्या २५ नळ्यांचा पाण्याला टेकणारा पत्रा पाचपट भरतो. जागा तेवढीच, तापणारा पत्रा पाचपट! भाचीला मी बांगड्या मांडून दाखवलं, एका मोठ्या गोलात छोट्या बांगड्या बसवल्या आणि सगळ्यांच्या कडेनं दोरा फिरवला. बांगड्या २५ नव्हत्या, ८ च होत्या, तरी दोरा केवढा लागला ते तिला दिसलं.

आता गंमत अशी की बारीक नळ्या केल्या की धूर त्यांच्यातून सहज जात नाही, तुंबतो. चूल तुंबली की आपण फुंकणी घेतो. रेनहिलला आलेल्या नॉव्हेल्टी नावाच्या इंजिनात तेच होतं, विस्तवाला वारा घालायला भाता, आणि पहिल्या दिवशी ते सगळ्यात दिमाखात पळालंही, लोकांचं लाडकं झालं, पण पुढे पाइपच सारखे दगा देत राहिले. रॉकेटमध्ये भाता नाही. तिथं वापरून झालेली वाफ त्या दोन बारीक पाइपांतून धुराड्यात वरच्या दिशेनं सुटते आणि जाताना भोवतीचा धूर ओढून नेते, मग धुराड्याच्या बुडाशी हवा कमी पडते, ती भरायला नळ्यांतून धूर खेचला जातो, आणि त्याच्यामागून जाळीतून ताजी हवा विस्तवात येते. म्हणजे उलटी फुंकणी, पुढून फुंकायच्या ऐवजी मागून ओढणारी.

घरी करून बघायचं असेल तर पेल्यात पाणी घ्या, त्याच्यात एक स्ट्रॉ उभी धरा, दुसरी आडवी धरून तिच्यातून उभ्या स्ट्रॉच्या तोंडावरून जोरात फुंका. पाणी उभ्या स्ट्रॉमधून आपोआप चढतं आणि तुषार उडतात. आमच्याकडे चादर भिजली, पण भाचीला धुराडं कळलं.

आणि खरी अक्कल पुढे आहे. गाडी चढाला लागली की जास्त वाफ लागते, जास्त वाफ वापरली की धुराड्यात झोत जोराचा, झोत जोराचा की ओढ जास्त, ओढ जास्त की विस्तव भडकतो, आणि विस्तव भडकला की वाफ जास्त. कुणी सांगायला नको, वारा कमी-जास्त करायला माणूस नको, जेवढं काम वाढेल तेवढा विस्तव आपला आपण वाढतो. ओढ अती झाली तरी मात्र नुकसान, रेनहिलला आलेल्या टिमथी हॅकवर्थच्या सान्स परेल या इंजिनात झोत इतका जबरदस्त होता की न जळलेला कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, धुराड्यातून उडून जायचा, आणि नंतर पंप बिघडून ते बंद पडलं. रॉकेटनं मात्र रेनहिलच्या एकाच छोट्या पट्ट्यावर पुढं-मागं करत साधारण ७० मैलांच्या फेऱ्या पुऱ्या केल्या, सुमारे १३ टन ओढून ताशी सरासरी १२ मैल, आणि मधे कधी ३० च्या जवळपास. घोड्यापेक्षा वेगानं आणि न दमता जाणारं काही तिथल्या हजारो लोकांनी त्याआधी बघितलेलं नव्हतं.

झुकझुकची लय पण मोजता येते. दोन सिलिंडर, प्रत्येकात वाफ दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं ढकलते, म्हणून चाकाच्या एका फेऱ्याला चार झुक. दोन्ही बाजूंचे दांडे मुद्दाम पाव फेरा पुढं-मागं ठेवतात, म्हणजे एक टोकाला अडला तर दुसरा जोरात असतो, फ्लायव्हीलची गरजच उरत नाही. गाडी सुटताना जे हळू, जड झुक... झुक... ऐकू येतं ते एकेक सुटं मोजा, चार झाले की चाक एकदा फिरलं.

पुस्तकाबद्दल एक तक्रार आहे. रॉकेट पिवळंधमक काढलंय, स्पर्धेत ते तसंच होतं, पण म्युझियममध्ये जपून ठेवलेलं रॉकेट काळपट आहे आणि त्याचे तिरपे सिलिंडरही पुढच्या काळात खाली आणून जवळपास आडवे केलेले आहेत, तो फोटो शेजारी हवा होता. मुलांना हे कळायला पाहिजे की वस्तू वापरात असताना बदलत जातात.

आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला जी गाडी गेली तिची साहिब, सिंध आणि सुलतान ही तिन्ही इंजिनं इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीतली, आणि ती फाउंड्री होती त्याच लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या शेजारी. २१ मैल, १४ डबे, ४०० पाहुणे. आपल्याकडे लोकांनी तिला अगीनगाडी हे नाव दिलं, आणि मला ते नाव फार नेमकं वाटतं, वाफेचं नाव न घेता विस्तवाचं घेतलंय.

आणि धुराड्याच्या उंचीचं? ते भाचीनंच शोधलं. काल ती पानं भराभर उलटत होती आणि म्हणाली, "मामा, धुराडी छोटी होत चाललीत." खरंच होतायत. उंच धुराडं नुसत्या उंचीमुळेही धूर थोडाफार ओढतं, पहिल्या इंजिनांना तेवढा आधार लागायचा. वाफेचा झोत नीट जमत गेला तशी उंचीची गरज कमी झाली, त्यात बॉयलर जाडजूड झाले, आणि वर पूल नि बोगदे, त्यामुळे धुराड्याला जागाच उरली नाही. शेवटच्या पानावरच्या इंजिनाला तर ते नुसतं बोटभर दिसतं, झोपताना ती त्यावर बोट ठेवून बघत होती.